मेकअप उतरल्यावरच्या चंद्राबाई

आमच्या अंधेरीच्या नाटक मंडळातले मित्र भेटले की कोणीतरी चंद्राबाईंचा विषय काढतोच. मग एकातून एक किस्से निघतात, चहा निवतो, सगळे हसतात. मला हल्ली हसू येत नाही, संताप येतो.

बाई जन्माने चंद्रकांत. नायिकेचं काम अप्रतिम करायच्या. पण मेकअप उतरल्यावरही त्या साडीतच असायच्या. तेव्हाही लोकांनी आपल्याला बाई म्हणावं, एवढंच त्यांचं मागणं.

* * *

सांताक्रूझला एक हॉल ठरवायला गेलो. मॅनेजर खूश. "पुरुष नायिका करणार? वा! आमचे वडील अशा नाटकांचे वेडे होते."

तेवढ्यात बाई आत आल्या. मॅनेजर दचकला. "अहो, मेकअप आत्तापासून कशाला?"

"अजून केलाच नाही," बाई म्हणाल्या.

हॉल मिळाला नाही.

* * *

आमचे एक प्रोफेसर स्त्री-भूमिका करणाऱ्या जुन्या नटांवर तासभर बोलले, डोळ्यांत पाणी आणून. मी त्यांना बाईंचं काम बघायला बोलावलं.

"छे, छे. ती कला होती. ही विकृती."

"सर, तुम्ही बघितलंत कधी?"

"बघायची गरज काय?"

आणि हे आम्हाला विचार करायला शिकवणार!

* * *

शेवटी एका सुतारखान्यात, दार आतून लावून, ओळखीच्यांपुढेच प्रयोग करू लागलो. संक्रांतीच्या आधी शेजारच्या बायका बाईंकडे नऊवारी नेसायला शिकायला यायच्या. बाई एकेकीच्या निऱ्या घालून द्यायच्या. हळदीकुंकवाला मात्र एकीनेही बोलावलं नाही.

"माझे हात चालतात रे," बाई म्हणाल्या, "कपाळ चालत नाही."

* * *

एकदा प्रयोग चालू असताना हवालदाराने दार ठोठावलं. "इथे बाई नाचवता म्हणे?"

मी घाबरून म्हणालो, "नाही साहेब, तो पुरुष आहे."

हवालदार गेला. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. बाई तोंड पुसत बसल्या होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "मेल्या, त्याने तरी बाई म्हटलं होतं."

* * *

मग मुलुंडच्या एका कॉलनीने गणपतीत बोलावलं. अट एकच: नाटक संपल्यावर बाईंनी केसांचा टोप उतरवून आपण पुरुष असल्याचं लोकांना दाखवायचं. मी भडकलो. बाई म्हणाल्या, "जाऊ या."

नाटक रंगलं. पडदा पुन्हा उघडला. सेक्रेटरी माईक घेऊन पुढे आला. "आता चंद्रकांतराव टोप उतरवतील."

बाईंनी अंबाडा सोडला. केस कमरेपर्यंत आले.

"हे नाही हो, टोप."

"हाच. ओढा."

सेक्रेटरी हसला, त्याने लोकांकडे बघितलं, आणि एका हाताने केस खरंच ओढले. बाईंची मान मागे गेली. तोंडून "आई गं" निघालं.

सेक्रेटरीने चटकन हात काढला. माईक तोंडाशीच होता.

"लागलं का हो, बाई?"