न ओरडणारी खोली

आमच्या रेशीमबीज केंद्रात हेमावतीइतक्या शिव्या कुणी खाल्ल्या नसतील, आणि त्यातल्या निम्म्या माझ्या. मी हिशेबाला बसायचो, ती कॉम्प्युटरांची राखण करायची. शेजारच्या तालुक्यात चोरांनी एका कचेरीचे सगळे कॉम्प्युटर बाहेरून बंद पाडून खंडणी मागितली, तेव्हा आमचे साहेब घाबरले. कडक बंदोबस्त करा म्हणाले.

आता आमच्याकडे कुठलं यंत्र कुणाशी बोलतं, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. हेमावतीने डोकं लढवलं. आधी यंत्रांच्या एकमेकांशी बोलायच्या सगळ्याच वाटा बंद करायच्या, मग जो ओरडत येईल त्याची तेवढी उघडायची.

"आणि जो ओरडणार नाही?" मी विचारलं.

"दासण्णा, या केंद्रात न ओरडणारा माणूस दाखवा, कॉफी पाजते."

तिने वाटा बंद केल्या. सगळ्यात आधी मीच धावत गेलो, माझा प्रिंटर अडला होता. मग फाटकावरचा शिपाई आला, अंगठ्याचं यंत्र हजेरी घेईना. मग कँटीनची पार्वतम्मा तणतणत आली, तिची गाणी बंद पडली होती. ती गाणी प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरवरून येत होती, हे त्या दिवशी कळलं. मला गंमतच वाटायला लागली. प्रिंटर विसरून मी हेमावतीच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलो, आता कोण येतंय ते बघायला.

काही दिवसांनी चिक्करंगय्या आला, तोही फणसाचे गरे घेऊन. थंड खोली त्याच्याकडे होती. शेतकऱ्याच्या मळ्यात तुतीचा पाला तयार होईपर्यंत रेशीमकिड्यांची अंडी फुटू नयेत, म्हणून तिथे गारव्यात ठेवत.

"अम्मा, तुमच्या कुलपाने भलं केलं," तो म्हणाला. "ते खोलीतलं मेलं यंत्र सारखं फोनवर ठणाणा करायचं. आता कसं शहाण्यासारखं गप्प आहे."

हेमावतीच्या हातातला गरा हातातच राहिला. "रंगय्या, ते ओरडायचं कधी?"

"वीज जाऊन खोली तापली की."

"आणि या आठवड्यात वीज गेलीच नाही?"

रंगय्याचा चेहरा उतरला. निरोप आला की जाऊन बघायचं, नाही आला तर सगळं ठीक, अशी त्याची वर्षानुवर्षांची रीत. हेमावती तोवर पळत सुटली होती.

खोलीत उकडत होतं. मधे वीज गेली तेव्हा गारव्याचं यंत्र बंद पडलं ते पुन्हा चालूच झालं नव्हतं. तापमापक बिचारा सारखा सांगत होता, आणि त्याचा प्रत्येक निरोप हेमावतीने बंद केलेल्या दारावरून परत फिरत होता. बरीच अंडी वाचली. पण दाराजवळच्या फडताळातली फुटली होती, अंड्यांच्या कागदभर केसाएवढ्या काळ्या अळ्या वळवळत होत्या. तो माल कनकम्मा नावाच्या बाईचा, आणि तिने तुती नुकतीच छाटलेली, अळ्यांना घालायला पान नाही. हेमावतीने गावोगाव फोन करून कोवळा पाला मागितला. मिळाला तो पुरला नाही. कनकम्माचं ते पीक गेलं.

हेमावती आमच्यादेखत रडली. "मी ओरडण्याची वाट बघत बसले," ती म्हणाली, "आणि जे ओरडत होतं त्याचंच तोंड दाबून ठेवलं."

कुलपं तिने काढली नाहीत, याचा मला तेव्हा रागच आला. तापमापकाची वाट मात्र उघडली आणि रीत उलटी केली. संकट आल्यावर सांगू नको, रोज वेळेवर बरा आहेस ते सांग. नाही सांगितलंस तर मी येते.

मी निवृत्त झालो, बायको गेली, आता एकटाच राहतो. रोज सकाळी हेमावतीला फोनवर एक तक्रार पाठवायची, हा तिचाच हुकूम. इडली दगड झाली, नळाला पाणी नाही, काहीही. मला तक्रारींची वानवा कधीच नव्हती. गेल्या महिन्यात एकदा ताप चढला आणि मी तसाच पडून राहिलो. ऑफिसची वेळ व्हायच्या आत दार वाजलं.

"दासण्णा," हेमावती बाहेरून विचारत होती, "आज सगळं ठीक कसं?"