कोच शोधण्याचा उन्हाळा

इंग्लंडात यॉर्कशरमधल्या त्या गावात आम्ही जेमतेम दहा महिने राहिलो. नवऱ्याचं प्रोजेक्ट तिथल्या एका ऑफिसात होतं. मी नागपूरची, एम.कॉम. झालेली. सकाळी लायब्ररीत जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर नोकरीचे अर्ज भरायचे आणि दुपारी घरी येऊन वरण-भाताचा कुकर लावायचा, यापलीकडे मला उद्योग नव्हता. दिवसभरात बोलणं व्हायचं ते लायब्ररीतल्या काउंटरवर आणि संध्याकाळी नवऱ्याशी.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक बाई एकट्याच राहायच्या. पासष्टीच्या पुढच्या. शाळेच्या किचनमध्ये आयुष्यभर नोकरी करून रिटायर झालेल्या. एप्रिलमध्ये आम्ही तिथे राहायला गेलो आणि दुसऱ्याच रविवारी सकाळी त्यांनी दार वाजवलं.

"दुपारी काही काम आहे का, लव्ह?"

तिकडे बसवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे सगळ्यांना लव्ह म्हणतात, हे मला तोवर कळलं होतं. गावाच्या रग्बी क्लबच्या ग्राउंडवर मॅचच्या दिवशी या बाई चहाचा स्टॉल चालवायच्या. त्यांच्या हाताखालच्या बाईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

"चहा करता येतो ना तुला?"

"येतो की."

"तुमचा नाही. आमचा."

त्यांचा चहा म्हणजे भल्यामोठ्या बॉयलरमधलं उकळतं पाणी, मूठभर टी-बॅग आणि वरून दूध. आलं नाही, वेलची नाही. ते मी पाच मिनिटांत शिकले. कठीण होतं ते लोकांचं बोलणं समजणं. पहिल्या रविवारी एका माणसाला मी तीनदा चहा दिला, तेव्हा कळलं की तो 'पाय' मागत होता, म्हणजे आत मटण भरून भाजलेली मैद्याची मोठी कचोरी, सोबत मऊ शिजवलेले वाटाणे.

स्टॉल म्हणजे हिरव्या रंगाची एक लाकडी खोली, स्टँडच्या अगदी पाठीमागे. खिडकीतून मैदान दिसायचंच नाही. मॅच चालू असताना आम्ही दोघी कप विसळत बसायचो आणि बाई नुसत्या आरड्यावरून सांगायच्या, "गेला बॉल." "आता ट्राय झाला. त्यांचा." ट्राय म्हणजे रग्बीतला गोलच, आणि त्या सीझनला तो बहुतेक समोरच्या टीमचाच व्हायचा. आमचा क्लब एकामागून एक मॅच हरत होता. मे महिन्यात क्लबने कोचला काढून टाकलं. तो ऑस्ट्रेलियन होता. सामान बांधून गेलासुद्धा, आणि त्याच रविवारपासून आमच्या खिडकीसमोर नवा कोच ठरवायला सुरुवात झाली.

मला ते दृश्य अगदी ओळखीचं वाटलं. नागपूरला कॉलनीच्या गेटपाशी उभे राहून बाबा आणि त्यांचे मित्र दर रविवारी भारताचा कॅप्टन बदलायचे. इथे हातात चहाचे कागदी कप होते आणि मे महिन्यातही अंगात जाड जॅकेटं होती, एवढाच फरक.

दोघं तर ठरलेले. एक आजोबा, खाणीत काम केलेले, डोक्यावर कायम टोपी. दुसरा बस चालवणारा, पन्नाशीचा, क्लबच्या स्कार्फशिवाय मी त्याला कधी पाहिला नाही.

"परत ऑस्ट्रेलियनच आणा," बसवाला म्हणायचा. "त्यांना हा खेळ कळतो."

"आणि आपल्याला कळत नाही? शंभर वर्षं काय आपण गोट्या खेळलो?" आजोबा विचारायचे.

मग शेजारच्या गावातल्या एका नावाजलेल्या जुन्या खेळाडूचा विषय निघायचा. ते गाव जेमतेम चार मैलांवर, पण तिथला माणूस आणायचा म्हटल्यावर आजोबा टोपी काढून परत घालायचे. त्यांच्या संतापाची ती खूण होती. त्यांचं म्हणणं एकच, असिस्टंट कोचला बढती द्या. आपल्या गावातला पोरगा आहे, शाळेत पीटी शिकवतो, पंधरा वर्षं याच क्लबकडून खेळलाय.  त्यावर बसवाला चमच्याने चहा ढवळत राहायचा. मला वाटायचं, पटत असावं त्याला.

असे तीन-चार रविवार गेले. एव्हाना मला बोलण्यातलं बरंच समजायला लागलं होतं, आणि समजायला लागल्यावर गप्प बसणं मला जमत नाही. आजोबांनी पुन्हा असिस्टंटचं नाव काढलं तेव्हा मी पाय कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "पण टीम हरत होती तेव्हा हा असिस्टंट तिथेच होता ना? मग एकट्या कोचचा काय दोष? मला तर तो जरा मऊ वाटतो. पोरांना ओरडताना कधी ऐकलंच नाही त्याला."

 बसवाल्याचा चमचा थांबला. आजोबा कपात बघायला लागले. रांगेत मागे उभी असलेली बाई उगाचच पर्स उघडून आत शोधायला लागली.

"तो माझा मुलगा आहे, लव्ह," आमच्या बाई म्हणाल्या.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. एक धिप्पाड माणूस अधूनमधून येऊन बाईंच्या घराच्या छपराच्या पन्हळी साफ करतो, लॉन कापतो, हे मी पाहिलं होतं. तो कौन्सिलचा, म्हणजे नगरपालिकेचा माणूस असेल असं मी धरून चालले होते. मी माफी मागायला लागले, तर बाई चक्क हसायला लागल्या. किटली खाली ठेवून, काउंटरला टेकून हसल्या.

"महिनाभरात माझ्या तोंडावर खरं बोललेलं पहिलं माणूस आहेस तू," त्या म्हणाल्या. मग बसवाल्याकडे वळून, "आणि तुझंही मत तेच आहे ना? बोल की."

बसवाला लाल झाला. "थोडंफार," म्हणाला आणि कप घेऊन निघून गेला.

त्या संध्याकाळी बॉयलर धुताना त्यांनी मला बाकीचं सांगितलं. त्यांचा नवरा याच क्लबचा कोच होता, खूप वर्षांपूर्वी. पहिल्या सीझनला लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, दुसऱ्या सीझनला टीम हरायला लागली. "तो क्लबमध्ये असायचा. गावातल्या दुकानांत मला जावं लागायचं," बाई म्हणाल्या. "मी खाटकाच्या दुकानात शिरले की बोलणं बंद व्हायचं. मुलगा शाळेतून शर्ट फाडून घरी यायचा. आणि आता त्यालाच हे काम हवंय. जीव टाकतोय त्यासाठी."

"तुम्ही त्याला सांगितलं नाही का?"

"काय सांगू? बापासारखं करू नकोस म्हणून? बापासारखं व्हायचं म्हणून तर करतोय."

क्लबने पुढच्या गुरुवारी संध्याकाळी बारमध्ये सभा बोलावली होती. फॅन्सनी आपापलं मत सांगायचं, निर्णय कमिटी घेणार. "माझ्याबरोबर येशील?" त्यांनी विचारलं. मी गेले. नवऱ्याला सांगितलं, जेवण फ्रिजमध्ये आहे, मी कोच निवडायला चालले आहे. त्याला ती थट्टा वाटली.

बार खचाखच भरला होता. भिंतींवर जुन्या टीम्सचे फोटो होते, त्यांतल्या एकात बाईंचा नवरा मधोमध बसलेला. त्यांनी मला बोट दाखवून सांगितलं आणि आम्ही त्याच्याकडे पाठ करून बसलो. तासभर वाद झाला. ऑस्ट्रेलियनची बाजू, शेजारच्या गावच्या माणसाची बाजू. असिस्टंटबद्दल मात्र सगळे जपून बोलत होते, कारण त्याची आई पुढच्याच टेबलाशी होती. तो स्वतः आला नव्हता. शेवटी बसवाला उठला. एकदा बाईंकडे बघून म्हणाला, "मला तो माणूस म्हणून आवडतो. पण अजून तयार नाही तो."

बाई लगेच उठल्या. मला वाटलं, आता भांडण होणार.

"तयार आहे की नाही, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी आई आहे, मला विचारू नका. कोणालाही घ्या. पण तो हरला की त्याला सांगा, नाहीतर मला सांगा, असं तोंडावर. मी आत आले की गप्प बसू नका. मागच्या वेळी बसलात." आणि खाली बसल्या.  मी टेबलाखाली त्यांचा हात धरला.

सोमवारी कमिटीने सीझन संपेपर्यंत त्यांच्या मुलालाच नेमलं.

त्याच्या पहिल्या मॅचला बाईंना काही सुचेना. आवाजावरून सगळं ओळखणाऱ्या बाई कान झाकून घेत होत्या. मला म्हणाल्या, "तू जा कोपऱ्यावर, बघून सांग." मी स्टँडच्या कडेला उभी राहून बघायची आणि पळत येऊन सांगायची. नियम मला अजून अर्धेच कळत होते. "बॉल आपल्याकडे आहे. सगळे एकावर पडलेत. आता उठले. आता दुसऱ्यावर पडलेत."

"हे तर नेहमीचंच आहे गं! पुढे सरकले का?"

"थोडे!"

आम्ही हरलो, पण थोडक्यात. मॅचनंतर आजोबा खिडकीशी आले, टोपी काढली, आणि बाईंना स्पष्ट म्हणाले, "तुझ्या पोराने खेळाडू बदलायला उशीर केला."

"सांगते त्याला," बाई म्हणाल्या आणि त्यांना चहा दिला.

पुढच्या पाचांतल्या तीन मॅच आम्ही जिंकलो. क्लब कसाबसा त्याच डिव्हिजनमध्ये टिकला आणि बाईंच्या मुलाला पुढच्या सीझनसाठीही ठेवलं. पण तो सीझन बघायला मी नव्हते. नवऱ्याचं प्रोजेक्ट दक्षिणेत, लंडनजवळच्या ब्रॅकनेलला हललं. तिथे सगळे पंधरा जणांचं रग्बी बघायचे, आमच्या क्लबचं तेरा जणांचं रग्बी कोणाला माहीतच नव्हतं. रविवारी संध्याकाळी मी टीव्हीवर टेलिटेक्स्टची, म्हणजे नुसत्या अक्षरांतल्या बातम्यांची, पानं उलटत स्कोअर शोधायची आणि मग बाईंना फोन करायची. जिंकलो तर त्या बोलत राहायच्या. हरलो तर माझ्या नोकरीची चौकशी करायच्या. मला तिथल्या एका ऑफिसात अकाउंट्समध्ये काम मिळालं, तेव्हा आईच्या आधी मी त्यांना कळवलं होतं.

मुलाला कोचपदावरून काढल्याची बातमी त्यांनीच फोनवर दिली. त्याला नेमल्याला दोन वर्षं झाली होती, जुलै महिना होता. 

"वाईट वाटतंय का तुम्हाला?"

"वाटतंय गं. काल घरी आला, सोफ्यावर झोपला तो आज दुपारी उठला. मी त्याला उठवलं नाही. दोन वर्षांत त्याला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं." मग म्हणाल्या, "आज सकाळी खाटकाकडे गेले होते. बसवाला होता तिथे. म्हणाला, आम्हाला हवा होता तेवढा चांगला नव्हता तो, पण प्रामाणिक होता. सगळ्या रांगेसमोर म्हणाला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"चार सॉसेज द्या म्हणाले. रडू येत होतं ना."

नंतर त्याने गावातल्या मुलींची टीम शिकवायला घेतली. बाईंनी आणखी काही वर्षं स्टॉल चालवला, मग कंबर साथ देईना तेव्हा सोडला आणि मुलाच्या घराजवळ एका बंगलीत राहायला गेल्या. तिथून त्यांनी मला पत्र पाठवलं होतं, मोठ्या गोल अक्षरातलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मुलींची प्रॅक्टिस दिसते, असं त्यात लिहिलं होतं.