लाल फुलाइची म्याक्सी

सून आंगणात तिची म्याक्सी धुते, अन् त्या ओल्या सुती कापडाचा वास आला का माही मान आपोआप खाली जाते.

बायकोनं पह्यली म्याक्सी शिवली तवा हिंगणीत बाया लुगड्यातच झोपत. मी दोस्तायसमोर म्हणलं, "पोत्यात घुसली काय वं?" अन् दुसऱ्या दिवशी त्याच म्याक्सीनं बैल पुसले.

पुढं साळ्याच्या लग्नासाठी तिनं मले लाल फुलाइचा बुशकोट शिवून आणला. "नवरदेवापेक्षा भारी दिसता," म्हणे. मी फुगलो.

नाचणगावले, सासरवाडीत, सकाळी मांडवात चहा पिऊन राह्यलो होतो, तं घरातून चारही साळ्या निघाल्या. चौघीइच्या आंगात म्याक्सी, माह्याच बुशकोटाच्या कापडाची!

थोरली म्हणे, "भाऊजी, तुमची अर्धीच शिवली काय? बाकीची बैलानं खाल्ली?"

सारा मांडव हासला. मी बायकोले दुसरा सदरा मागतला. "आणलाच नाई," म्हणे, अन् चहा गाळत राह्यली. वरातीत मी तसाच नाचलो.

तवा लय राग आलता. आता वाटते, सस्त्यात सुटलो. शिंप्यापाशी माहं माप होतं. तिनं बुशकोटच सांगतला, म्याक्सी नाई, हे तिचे उपकार.