आईचं ‘मले’

मंडळी, आज मी माह्याच जाळ्यात फसलो.

मी परदेशात मास्टर्स करून राह्यलो. विषय हा, का कम्प्युटरले माणसाचं बोलणं समजलं पाहिजे. त्याले आपली वऱ्हाडी शिकवाची म्हणून आईचा आवाज घ्यायले दिग्रसले आलो. उद्या परतीचं विमान आहे, अन् हाती काहीच नाही.

फोनवर रेकॉर्डिंग सुरू झालं, का आई बातम्या वाचल्यावानी बोलते, “मला आज तुरीचे वरण करायचे आहे.”

“आई, ‘मले’ म्हण नं!”

“नाही बाप्पा. शाळेत असताना तूच म्हणे, सरांसमोर मले-तुले करू नको, लाज वाटते.”

मी रेकॉर्डिंग बंद करून फोन बाजूले ठेवला. तशी ती हळूच म्हणाली, “तू गेला का मले करमत नाही रे.”

सांगा, आता रेकॉर्डिंग पुन्हा कोणत्या तोंडानं सुरू करू?