एकट्या पिंजऱ्यातला उंदीर

विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात मी प्रयोगाचे उंदीर सांभाळते. आमच्या मोशीच्या घरातली पहिली पदवी माझी. नोकरी लागली तेव्हा वडील म्हणाले, "बीएस्सी झाली आन् उंदरांना खायला घालती व्हय?" धाकटा भाऊ नुकताच महाळुंग्याच्या कंपनीतून शिफ्ट करून आलेला. म्हणाला, "ताई, आपल्या माळ्यावरचे पण ने. तेवढेच शिकतील." मी म्हटलं, हसा. माझ्या हाताशिवाय तिथला प्रयोग चालत नाही.

खोटं नव्हतं ते. उंदीर माणसाला बिचकला की निकाल बिघडतो, म्हणून आधी त्यांना माझ्या हाताची सवय लावायची. या खेपेचा प्रयोग एकटेपणाचा होता. काही उंदीर जोडीनं ठेवलेले, काही एकेकटे. एकट्यांना साफसफाईपुरतंच उचलायचं, लाड करायचे नाहीत. त्यातला एक, कानाला खाच असलेला, माझी चाहूल लागली की जाळीला नाक लावून उभा राहायचा. मी पाणी बदलायचे, भुसा बदलायचे आणि झाकण लावायचे. तो तसाच उभा.

प्रयोग संपत आला. शेवटी त्यांचा मेंदू तपासतात, म्हणजे उंदीर जिवंत राहत नाही. प्रयोग करणाऱ्या सरांना मी विचारलं, "याला एक संध्याकाळ दुसऱ्यासोबत ठेवू का?"

सर म्हणाले, "तेवढ्यानंही मेंदूत फरक पडू शकतो. मग आजवर त्याला एकटं ठेवलं ते फुकट जाईल."

बरोबरच होतं त्यांचं. "शेवटचं काम दुसऱ्या कुणाला देऊ का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, उद्या सांगते.

घरी जेवताना हे सांगितलं. भाऊ या वेळी हसला नाही. आमची जमीन इमारतींत गेली तेव्हा वडिलांनी शेवटचा बैल विकला होता. घेणाऱ्याचा माणूस दावं धरायला पुढं आला, तर वडिलांनी त्याला बाजूला सारलं आणि बैल स्वतः टेम्पोत चढवला. आता ताटाकडं बघतच ते म्हणाले, "परक्याच्या हातात देऊ नगं. भ्यायचं ते."

सकाळी हातमोजे घातले आणि तळवे एकमेकांवर चोळून ऊब आणली. तो जाळीशी उभाच होता. उचलल्यावर त्यानं माझ्या मुठीत नाक खुपसलं. उंदरांना कायमचं झोपवायची वायूची पेटी समोरच्याच टेबलावर होती.

मी सावकाश चालले.