ताऱ्याचं ग्रहण

चूक माझीच. जेवताना शहाणपणा सुचला आणि मी सांगून बसलो की शनिवारी संध्याकाळी साडेसातला एका ताऱ्याला ग्रहण लागणार आहे. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात, गुरूच्या बाजूला, एक लघुग्रह फिरतो. कार्बनने भरलेला, कोळशासारखा काळा, माझ्या दुर्बिणीतून कधीच न दिसणारा. तो ताऱ्याच्या आड आला की सात-आठ सेकंद तारा विझतो. आम्ही हौशी मंडळी ती वेळ मोजतो, मग त्या दगडाचा आकार कळतो.

आईने एकच शब्द ऐकला, ग्रहण. माझ्या बायकोला सातवा महिना होता.

"तेवढा वेळ हिने विळीला, सुईला हात लावायचा नाही. एका जागी बसायचं."

"अगं आई, दगड आहे तो! करोडो किलोमीटर लांब!"

"ग्रहण ता ग्रहण," आई थेट मालवणीवर आली. "सूर्याचा काय नि ताऱ्याचा काय!"

मला हसू आलं. बायको कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, ती माझीच बाजू घेणार याची खात्री होती.

"बसते ना मी. काय जातंय?" ती म्हणाली. मग हळूच, "आधीची दोन्ही गेली रे. पाचव्याच्या पुढे नाही पोचली."

शनिवारी आकाश लख्ख होतं. मुलुंडच्या आमच्या गच्चीवर दुर्बीण लावली, नॅशनल पार्कच्या डोंगरावर तारा सापडलाही. पाच मिनिटं उरली आणि मला डॉक्टर आठवले. दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले होते, नक्की कारण सांगता येत नाही. ज्याला कारणच नाही त्याला अडवायचं कसं? मला त्या काळ्या दगडाची भीती वाटली. खरंच वाटली. भिंगावर झाकण घातलं आणि चार जिने धावत उतरलो.

बायको पलंगावर बसली होती, दोन्ही हात रिकामे, मांडीवर. मी शेजारी बसलो. श्वाससुद्धा जपून घेत होतो.

"सुटलं?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

घड्याळ पुन्हा पाहिलं. "सुटलं."

पुढे मुलगी झाली, सुखरूप. तिचा आणि त्या दगडाचा काडीचाही संबंध नाही, हे मी आजही कुणालाही पटवून देईन. पण त्या संध्याकाळी आम्हा हौशी मंडळींच्या ग्रुपवर सगळे आपापल्या वेळा टाकत होते, तेव्हा मी लिहिलं, मुलुंडला ढग होते.