सुदर्शनचा छोटा ब्राउझर

सुदर्शन वाळूजच्या कारखान्यात पाळीला जातो, पण जीव त्याचा एका छोट्या ब्राउझरात. नेट उघडायचं हे साधन परदेशातल्या काही मंडळींनी बनवलेलं, कुठल्या बड्या कंपनीचं मिंधं राहायचं नाही म्हणून. त्यातल्या बटणांवरच्या पाट्या मराठीत करणाऱ्या चार-पाच जणांत सुदर्शन एक. दहा वर्षं झाली, दमडी न घेता. शब्द अडला की शेजारच्या पारूबाईंना विचारायचा. त्यांना कळला तर ठेवायचा, नाहीतर खोडायचा. सेवाच ती, देवाची नसली तरी भाषेची.

गल्लीतल्या एकेकाच्या मोबाइलवर त्यानं हाच ब्राउझर घातला. त्यात बड्या कंपनीचं शोधयंत्र आयतं यायचं, ते काढून दुसरं बसवलं. "आपल्या घरात त्यांचा पाय नको," म्हणायचा.

गेल्या महिन्यात ब्राउझर बनवणाऱ्या मंडळींचं पत्र आलं. आपलं शोधयंत्र आयतं ठेवण्याबद्दल बडी कंपनी पैसे देते, त्यावरच आमचं चालतं. लोक ते काढून टाकू लागलेत, असंच राहिलं तर लहान भाषांचं काम आधी थांबेल. सुदर्शननं पत्र तीनदा वाचलं. ज्याचं भलं करायला गेला, त्याच्याच तोंडचा घास काढत होता की.

रविवारी तो पारूबाईंच्या ओट्यावर जाऊन बसला. "मावशी, मोबाइल द्या. पहिलं होतं तसं करतो."

"काढलं तूच, घालतोस बी तूच. डोकं ठिकाणावर हाय ना?"

त्यानं सगळं सांगितलं. पारूबाई वाती वळता वळता म्हणाल्या, "आमच्या गावच्या मारुतीचा दिवा निजामाच्या इनामावर जळायचा. मारुतीला कधी वाईट वाटलं नाय."

"मारुतीला नसंल वाटलं मावशी. पुजाऱ्याला वाटत असंल."

त्यांनी मोबाइल पुढे केला. सुदर्शनचं बोट बटणावर थांबलेलं. "एकदा तरी बघावं वाटतं, कुणाच्या दाराशी न जाता हे चाललेलं."

"बघशील. पर तवर मराठी राहू दे त्यात. मला दुसरं येत नाय."

त्यानं बटण दाबलं, मोबाइल त्यांच्या हाती दिला आणि चपला घालून पुढच्या घरी, कडूबाकडे निघाला.